विटांनी धरलेलं ऊन

इंग्लंडमध्ये पीच पिकवणं हा मुळातच हट्ट आहे. हिवाळ्याची थंडी या झाडाला बाधत नाही, उलट ती त्याला लागतेच. अडचण सुरू होते मार्चमध्ये. झाड घाईने फुलतं, आणि एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला की सकाळी फुलोरा काळा पडलेला असतो. त्यातून फळ धरलंच, तर ते गोड होण्याइतकं ऊन तिथला उन्हाळा देईल याचीही खात्री नाही. लंडन मुंबईच्या बत्तीस अंश उत्तरेला आहे. असं असूनही सतराव्या शतकात इंग्लिश जमीनदारांच्या घरी स्वतःच्या बागेतले पीच, जर्दाळू आणि अंजीर जेवणानंतर पुढे येत असत. काचेची हरितगृहं तेव्हा मोजक्या धनवंतांकडेच होती. बाकीच्यांची मदार होती विटांच्या भिंतीवर.

या भिंतीची करामत समजून घ्यायला मोठमोठ्या राजवाड्यांच्या बागा सोडून ग्लॉस्टरशर परगण्यातल्या वेस्टबरी-ऑन-सेव्हर्न या गावी जावं, असं माझं मत आहे. इथे वेस्टबरी कोर्ट नावाची एक बाग आहे. तिचा वाडा केव्हाच गेला. उरले आहेत दोन लांब कालवे, त्यांना वेढणारी भिंत, एक उंच मंडप आणि कोपऱ्यातली विटांची छोटी बंगली. इंग्रज या बंगलीला समरहाउस म्हणतात. बाग मेनार्ड कोल्चेस्टर या जमीनदाराने १६९६ ते १७०५ या काळात आखली. त्याने जमाखर्चाच्या वह्या नीट लिहिल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्या रद्दीत घातल्या नाहीत. त्यामुळे कालव्याची खोदाई, गवंड्यांची मजुरी, फुलांचे कंद, फळझाडं, कुंपणासाठीची यू आणि होलीची रोपं यांवर कधी काय खर्च झाला, हे आजही वाचता येतं.

भिंत घालायची ती चोरांसाठी, असं आपण धरून चालतो. चोर होतेच, ससे, हरणं आणि गावची पोरंही होती. पण तेवढ्यासाठी दहा-बारा फूट उंच पक्कं वीटकाम कुणी करत नाही. ही भिंत बांधली जात होती ऊन साठवायला. वीट दिवसभर तापते आणि ती ऊब रात्री हळूहळू सोडते. मे महिन्यात रात्री दहा वाजता गच्चीच्या कठड्याला पाठ टेकली की जे जाणवतं, तेच इथे पीचच्या फांद्यांना जाणवायचं. त्या थंड मुलखात पहाटेच्या दोन-तीन अंशांचा फरक म्हणजे फुलोरा वाचला की जळला, एवढा मोठा फरक. म्हणून झाड भिंतीपासून दूर मोकळं वाढू देतच नसत. फांद्या पंख्यासारख्या पसरवून वीटकामावर चपट्या बसवत. पुढे आलेली फांदी छाटायची, बाजूची वळवायची. वर्षानुवर्षं हे केलं की झाडाला जाडी अशी राहतच नाही, फक्त लांबी आणि उंची.

फांद्या भिंतीला धरून ठेवायला लागत खिळे आणि जुन्या कापडाच्या किंवा चामड्याच्या पट्ट्या. पट्टी फांदीभोवती फिरवायची आणि खिळा विटांमधल्या चुन्याच्या दरजेत ठोकायचा. दगडी भिंतही ऊन धरते, पण तिच्यात हवा तिथे खिळा जात नाही. वीटकामात दर दोन-तीन इंचांवर दरज मिळते. दगड मुबलक असलेल्या भागातही काही मालक बागेच्या भिंतीला आतून विटांचं अस्तर देत, त्याचं एक कारण हेच. दर हिवाळ्यात माळी सगळे खिळे उपटायचा, झाड सोडवायचा, छाटायचा आणि पुन्हा ठोकायचा. दोन-अडीचशे वर्षं हे चाललेल्या भिंती आज जवळून पाहिल्या तर देवीचे व्रण असावेत तशा दिसतात. पर्यटक या भोकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या बागेत नुसत्या हातांनी किती काम झालं, हे मात्र त्या भोकांइतकं दुसरं काहीच सांगत नाही.

भिंतीच्या चारही बाजू सारख्या नसतात, आणि माळ्याची खरी अक्कल इथे लागते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला सर्वांत जास्त ऊन, म्हणून तिथली जागा पीच, नेक्टरीन, जर्दाळू आणि अंजिराची. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला दुपारनंतरचं ऊन, ती नाशपती आणि प्लमची. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत जरा अवघड. रात्री फुलं गोठलेली असतात आणि सकाळचं पहिलं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. गोठण्यापेक्षा असं झटक्यात वितळणं जास्त जाळतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या भिंतीलाही रिकामं ठेवत नसत. तिथे मोरेलो जातीची आंबट चेरी आणि करंटची झुडपं लावत. म्हणून नवी बाग आखताना तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवत, म्हणजे दक्षिणमुखी भिंत जास्तीत जास्त मिळे.

मार्चमध्ये मधमाश्या क्वचितच बाहेर पडतात, तेव्हा परागसिंचनही माळ्यानेच करायचं. त्यासाठी काठीला सशाची शेपटी बांधून ती फुलाफुलावरून फिरवत. भिंतीच्या माथ्यावरच्या दगडी पट्ट्या पुढे काढत, म्हणजे पावसाचं पाणी फांद्यांवर ओघळत नसे. पीचची पानं वेडीवाकडी करणारी बुरशी पावसाच्या पाण्यातून पसरते, हे विज्ञान तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. भिंतीच्या आडोशाची झाडं कमी आजारी पडतात, एवढं माळ्यांना दिसत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

भिंतीला तोटेही होते. भरीव भिंत वारा थांबवते असं वाटतं, पण तिच्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवरा होऊन खाली आदळतो. उतारावरच्या बागेत तर आणखी पंचाईत. थंड हवा जड असते, रात्री ती पाण्यासारखी उतरते आणि खालच्या भिंतीशी तुंबते. कसलेले माळी म्हणून खालच्या बाजूचं दार भरीव फळ्यांचं न करता गजांचं करत. थंडीला वाहून जायला वाट ठेवायची, हा विचार मला त्या सगळ्या वीटकामापेक्षा जास्त हुशार वाटतो.

काही मालकांना उन्हाचीही वाट बघवेना. त्यांनी भिंतच पोकळ बांधून घेतली. एका टोकाला भट्टी, तिथून भिंतीच्या पोटातून नागमोडी जाणारी धूरवाट आणि शेवटी धुराडं. कडाक्याच्या रात्री भट्टी पेटवली की गरम धूर भिंतभर फिरे. अशा भिंती कशा बांधाव्यात याच्या सूचना फिलिप मिलर या चेल्सीच्या वनस्पतिउद्यानाच्या प्रमुखाने आपल्या कोशात दिल्या आहेत. जळण अफाट लागे, धूरवाटेत काजळी साचे, ती मधूनच पेट घेई, भट्टीजवळच्या फांद्या करपत आणि दूरच्या गारठत. वॉरिकशरमधल्या पॅकवुड हाउस या बागेत मात्र हीच कल्पना फार देखण्या रीतीने लपवली आहे. तिथल्या भिंतीच्या चारही कोपऱ्यांना विटांच्या बंगल्या आहेत. त्यांतल्या ईशान्येच्या बंगलीतल्या आगीची ऊब शेजारच्या भिंतीत सोडलेली होती. पाहुणे आत शेकत बसत आणि भिंतीपलीकडे पीच शेकत असे. याच बागेच्या गच्चीच्या भिंतीत मधमाश्यांची गवती घरं ठेवायला तीस कोनाडे आहेत, म्हणजे मधमाश्यांचीही सोय विटांतच.

ज्यांना एवढा खर्च परवडत नव्हता, त्यांनी वीट वाचवायचे उपाय शोधले. सफक परगण्यात सापासारख्या वळणावळणाच्या भिंती दिसतात. एका विटेच्या जाडीची सरळ भिंत वाऱ्याने पडेल, तिला मध्येमध्ये टेकू लागतात. तीच वळणं घेत गेली तर वळणंच टेकूचं काम करतात. लांबी वाढली तरी एकूण विटा कमी लागतात. शिवाय प्रत्येक खोलगट वळणात झाडाला आडोसा. ही कल्पना डच. ब्रिटनमध्ये १७८४ ते १८५० विटांवर कर होता, तेव्हा ही काटकसर आणखी मोलाची ठरली. काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला, काच स्वस्त झाली, आणि पीच भिंतीवरून उचलून काचघरात गेला. भिंती तिथेच राहिल्या, काचघरांना पाठ द्यायला.

आता त्या बंगलीकडे वळू. ऊन धरणाऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात बसायची खोली कशासाठी? ट्यूडर काळापासून श्रीमंतांच्या जेवणाचा शेवटचा भाग, म्हणजे मिठाया, फळं आणि गोड मद्य, मुख्य दालनात न घेता बागेतल्या किंवा गच्चीवरच्या वेगळ्या खोलीत घ्यायची पद्धत होती. नोकरचाकर मागे, निवडक पाहुणे पुढे. सफकमधल्या मेलफर्ड हॉलची अष्टकोनी विटांची बंगली याच कामाची, आणि तिच्या खिडक्या बागेकडे जशा आहेत तशा बाहेर गावाच्या हिरवळीकडेही आहेत. हॉलंडमध्ये तर फेख्त नदीच्या काठाने ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी अशा चहाच्या बंगल्यांची रांगच उभी केली. तिथे बसून जाणाऱ्या होड्या बघायच्या, आणि होडीतल्यांनी आपल्याला बघावं हेही ओघाने आलंच. त्यातला बराच पैसा डच ईस्ट इंडिया कंपनीतून आलेला, आणि त्या कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती.

म्हणजे गंमत अशी. जगाला बाहेर ठेवायला माणसाने उंच भिंत घातली, आणि मग तिच्याच कडेला उंचावर बसून रस्त्यावर कोण जातंय ते बघायची सोय केली. वेस्टबरीत हा विरोधाभास सगळ्या बागेच्या रचनेत उतरला आहे.

मेनार्ड कोल्चेस्टरला डच वळणाची बाग हवीशी वाटली यात नवल नव्हतं. १६८९ पासून इंग्लंडच्या गादीवर ऑरेंजचा विल्यम होता, हॉलंडहून आलेला. जवळच्या फ्लॅक्सली ॲबीत राहणाऱ्या कॅथरीन बोव्ही या विधवेचं सासरचं घराणं डच मुळाचं होतं, तिच्या बागेतही कालवा होता. आणि जमीन तर डचांसारखीच होती. वेस्टबरी सेव्हर्न नदीच्या पूरमैदानात येतं. या नदीत समुद्राची भरती भिंतीसारखी लाट होऊन उलट्या दिशेने चढते. सपाट, ओलसर, जमिनीत हातभर खाली पाणी. अशा जागेत कारंजी उडणार नाहीत, कारण पाण्याला उंचावरून आणायला उतारच नाही. पण खणलं की कालवा आपोआप भरणार. कोल्चेस्टरने सुमारे ४५० फूट लांबीचा सरळ कालवा खणला. एका टोकाला दोन मजली मंडप बांधला, तो १७०२-०३ च्या सुमाराचा. खाली खांब, वर उंच खिडक्यांची खोली, माथ्यावर छोटा घुमट. दुसऱ्या टोकाला बागेच्या भिंतीत उघडी लोखंडी जाळी बसवली. मंडपाच्या माडीवरून नजर कालव्याच्या पाण्यावरून सरळ जाळीतून बाहेर निघून जाते. उलट, रस्त्याने चाललेल्या कुणालाही थांबून आत बघता येतं. जमीनदाराला आपली बाग आपल्यापुरती नको होती. गावानेही ती पाहावी, पण जाळीबाहेरूनच.

या माणसाबद्दल आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायला हवी. ख्रिस्ती ज्ञानाच्या प्रसारासाठी लंडनमध्ये १६९८-९९ च्या हिवाळ्यात एक संस्था निघाली, तिच्या पाच संस्थापकांपैकी कोल्चेस्टर एक होता. एसपीसीके या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. या संस्थेने तरंगमबाडीच्या मिशनला छपाईचं यंत्र पाठवलं, आणि पुढे तंजावरात काम करणाऱ्या श्वार्ट्‌झ या जर्मन पाद्र्याला पोसलं. हा श्वार्ट्‌झ सरफोजीराजांचा शिक्षक. त्या सरफोजींनी तंजावरला देवनागरी छापखाना काढून मराठी पुस्तकं छापली. कालवा खणवणाऱ्या जमीनदाराला यातलं काहीच ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. तो १७१५ मध्ये वारला.

बाग त्याच्या पुतण्याकडे गेली. त्याचंही नाव मेनार्डच. त्याने पहिल्याला समांतर दुसरा, टी आकाराचा कालवा खणला आणि बागेच्या कोपऱ्यात विटांची ती छोटी बंगली बांधली. मला ही बंगली काकाच्या मंडपापेक्षा आवडते. मंडप दिमाख दाखवतो, बंगली कामाची वाटते. एका बाजूच्या खिडकीतून कालवा, दुसऱ्या बाजूने भिंतीआडची छोटी बाग, आणि भिंतीपलीकडे रस्ता. तिथे दोन-चार माणसं बसतील एवढीच जागा. लाल विटा, साध्या कडा, नक्षीचा सोस नाही. आसपासच्या भिंतीची आणि तिची जात एकच असल्यामुळे ती भिंतीतूनच वर उगवल्यासारखी वाटते.

त्यानंतर या बागेला सगळ्यांत मोठा धोका होता फॅशनचा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये सरळ रेषा आणि छाटलेली झुडपं यांचा तिटकारा येऊ लागला. ‘केपेबिलिटी’ ब्राउन या बागरचनाकाराने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी शेकडो जुन्या बागा उलथून तिथे वळणदार तळी आणि नैसर्गिक दिसणारी कुरणं केली. भाजीपाला आणि फळांच्या भिंती वाड्यापासून दूर, झाडीआड ढकलल्या गेल्या. डच वळणाच्या बागा त्यात जवळपास पुसल्या गेल्या. वेस्टबरी वाचली ती कुणी जपली म्हणून नव्हे. पुतण्याने बांधलेला नवा वाडा १८०५ मध्ये पाडण्यात आला आणि घराणं दुसरीकडे राहायला गेलं. जवळजवळ नव्वद वर्षं बागेला लागून घरच नव्हतं. घर नाही म्हणजे सजवायची हौस नाही, आणि हौस नाही म्हणजे मोडतोडही नाही. कालवे गाळाने भरत गेले, कुंपणं वाढत गेली, पण आखणी जागच्या जागी राहिली.

१८९५ मध्ये वंशजांनी मंडपाला चिकटून नवं घर बांधलं. १९६० मध्ये मालमत्ता विकली गेली, घर पाडलं गेलं आणि बागेच्या जागी घरं बांधायची योजना आली. ती स्थानिक सरकारने जागा विकत घेतल्याने टळली. एका भागात वृद्धांसाठी निवास झाला, आणि बाग १९६७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. तोपर्यंत ट्रस्ट बागा सांभाळत असे. हरवलेली बाग पुराव्यांवरून पुन्हा उभी करायचा त्यांचा हा पहिलाच मोठा प्रयत्न. पुरावे दोन: कोल्चेस्टरच्या वह्या, आणि योहानेस किप या डच चित्रकाराने कोरलेलं बागेचं चित्र. ते सर रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या ग्लॉस्टरशरवरच्या १७१२ च्या ग्रंथात छापलं आहे. किपने बाग आकाशातून दिसावी तशी काढली आहे. पहिला माणूस फुग्यातून वर गेला तो १७८३ मध्ये, म्हणजे किपला हे दृश्य कधीच दिसलेलं नव्हतं. त्याने जमिनीवर फिरून, मोजून ते मनात रचलं. असल्या चित्रात मालकाची खुशामत किती आणि मोजमाप किती, हे ठरवणं सोपं नसतं. वह्यांशी ताडून बघता आलं, म्हणून वेस्टबरीत काम निभलं.

मंडप इतका खिळखिळा झाला होता की तो उतरवून पुन्हा बांधावा लागला. कालव्यांतला गाळ काढला, यू आणि होलीची कुंपणं नव्याने लावली, भिंतीवर जुन्या जातींची सफरचंदं, नाशपती आणि प्लम चढवले. बाग १९७१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. लागवडीचा नियम असा की १७०० पूर्वी इंग्लंडमध्ये नव्हती अशी वनस्पती इथे लावायची नाही. बागेतला होम ओक मात्र नियमाच्याही पलीकडचा. तो देशातल्या सर्वांत जुन्या होम ओकांपैकी एक समजला जातो आणि कोल्चेस्टरने पहिली कुदळ मारली तेव्हाही तो मोठा वृक्ष होता.

आता या नियमाला एक फट आहे, आणि ती बंगलीच्या आकाराची आहे. झाडं १७०० च्या आधीची, पण टी आकाराचा कालवा आणि विटांची बंगली १७१५ नंतरची. मंडप दिसतो १७०३ चा, उभारला विसाव्या शतकात. आज आपण बघतो ती बाग या नेमक्या रूपात कधीच अस्तित्वात नव्हती. काकाची रोपं आणि पुतण्याचं बांधकाम तिथे एकत्र नांदतं. नियम काटेकोर पाळायचा, तर टी कालवा बुजवून बंगली पाडावी लागेल. पुनर्रचना करणाऱ्यांनी तसा विचारही केला नाही, आणि ते बरंच झालं. सगळ्या बागेत मूळ विटांवर उभी असलेली बसायची जागा ती एकच आहे.